मिलानची चप्पल आणि महाद्वार रोडची चप्पल

२२ जून २०२५ ला, रविवारी, मिलानमध्ये प्राडा या इटलीतल्या महागड्या फॅशन कंपनीच्या पुरुषी पोशाखांचा कार्यक्रम झाला. एकूण ५६ पोशाख मंचावरून गेले. त्यांतल्या निदान सात जणांच्या पायात जे होतं ते बघून कोल्हापुरातल्या शाळकरी पोरानंही नाव सांगितलं असतं: सपाट चामडी तळ, अंगठ्याचं कडं, त्यातून मागे येणारी पट्टी आणि आडवा पट्टा. कंपनीच्या टिपणात मात्र 'चामड्याच्या सँडल' एवढंच वर्णन होतं. त्यात कोल्हापूर नव्हतं, महाराष्ट्र नव्हता, भारतही नव्हता.

आपल्याकडे तेव्हा आर्द्रा नक्षत्र लागत होतं. चपलेच्या धंद्यातला हा मंदीचा काळ. झाडांच्या सालीनं कमावलेलं चामडं पाण्यात फुगतं, बुरशी धरतं, म्हणून जाणता माणूस मृग लागला की कोल्हापुरी पुसून, तेल लावून माळ्यावर टाकतो. चप्पल लाईन या कोल्हापूरच्या चपलांच्या बाजारातले दुकानदार नवरात्राची वाट बघत बसलेले असतात. अशा रिकाम्या दिवसांत मिलानची बातमी आली, आणि पुढचे सहा महिने ती संपली नाही.

हे प्रकरण सुरुवातीपासून मांडायला हवं, कारण त्यात सगळे बोलले: नेते, वकील, व्यापारी, दोन राज्यांचे मंत्री, खुद्द कंपनी. ज्याच्या हातात चामडं कापायची रापी आणि भोकं पाडायची आरी आहे त्यानं बोलावं म्हणून कायद्यानं एक जागा राखून ठेवली होती. ती जागा सहा महिने जवळपास रिकामीच राहिली.

घटनाक्रम

पहिला आठवडा संतापाचा. फोनवरून फोनवर फोटो फिरले आणि त्याबरोबर सव्वा लाखाचा आकडाही फिरला. 'आमची पाचशेची चप्पल, तिकडे सव्वा लाखाला' हे वाक्य त्या दिवसांत रिक्षावाल्यापासून प्राध्यापकापर्यंत सगळ्यांच्या तोंडी होतं. मिलानमधली ती सँडल तेव्हा विक्रीला आलेलीच नव्हती, त्यामुळे तिला किंमतही नव्हती. पण रागाला आकडा लागतो, आणि आकडा मिळाला की कोणी पावती मागत नाही.

महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्स, इंडस्ट्री अँड अॅग्रिकल्चरचे अध्यक्ष ललित गांधी यांनी कंपनीला पत्र लिहिलं. आठवड्याच्या आत उत्तर आलं. कंपनीचे सामाजिक उत्तरदायित्वाचे प्रमुख लोरेंझो बर्तेली यांनी लिहिलं की या सँडलांची प्रेरणा शतकांची परंपरा असलेल्या भारतीय हस्तनिर्मित पादत्राणांतून आली हे आम्ही मान्य करतो. संग्रह अजून आरेखनाच्या पातळीवर आहे आणि यातलं काय बाजारात आणायचं ते ठरलेलं नाही. स्थानिक कारागिरांशी बोलायला आमची तयारी आहे.

उत्तर चतुर होतं. कबुली दिली, माफी दिली नाही. 'भारतीय' शब्द वापरून कोल्हापूर आणि अथणी यांच्यातलं भांडण अंगावर घ्यायचंही टाळलं. कारण तोवर कर्नाटकचे मंत्री प्रियांक खर्गे यांनी जाहीरपणे सांगितलं होतं की हा वारसा अथणी, निपाणी, चिक्कोडी, रायबागच्या कारागिरांचाही आहे, नुसतं कोल्हापूर-कोल्हापूर करू नका. आपल्याकडे काहींना हे झोंबलं. झोंबण्यासारखं त्यात काही नव्हतं. ते शंभर टक्के खरं आहे.

जुलैत काही वकिलांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. कंपनीनं जाहीर माफी मागावी, कारागिरांना भरपाई द्यावी, या सँडलांच्या विक्रीला मनाई करावी, अशा मागण्या होत्या. १६ जुलैला मुख्य न्यायमूर्ती आलोक आराधे आणि न्यायमूर्ती संदीप मारणे यांच्या खंडपीठानं ती फेटाळली. न्यायालयाचा प्रश्न सरळ होता: कोल्हापुरी चपलेच्या भौगोलिक मानांकनाचे, म्हणजे उगमाच्या नावावरच्या हक्काचे, नोंदणीकृत मालक तुम्ही नाही, ज्यांचं आहे ते स्वतः येऊ शकतात, मग तुम्ही कोण?

त्याच सुमारास कंपनीच्या तंत्रज्ञांचं पथक कोल्हापुरात येऊन कारागिरांची कामं बघून गेलं. महाराष्ट्राच्या चर्मोद्योग महामंडळानं, म्हणजे लिडकॉमनं, अस्सल चपलेवर क्यूआर कोड लावायची योजना पुढे आणली. मग दसरा गेला, दिवाळी गेली, आणि ११ डिसेंबरला मुंबईत प्राडा, लिडकॉम आणि कर्नाटकचं तसंच महामंडळ लिडकर यांच्यात सामंजस्य करार झाला. सुमारे २००० जोड भारतात, या दोन राज्यांत बनतील. एका जोडाची किंमत सुमारे ८०० युरो. फेब्रुवारी २०२६ पासून जगभरातल्या ४० दुकानांत आणि ऑनलाइन विक्री. तीन वर्षांची भागीदारी. कारागिरांना प्रशिक्षण आणि काहींना इटलीतल्या प्रबोधिनीत थोड्या दिवसांची संधी. एवढं जाहीर झालं.

घटनाक्रम म्हणून हा आपला विजय दिसतो. त्यातला काही भाग खरंच विजय आहे. पण नेमकं काय जिंकलं आणि कोणी जिंकलं, ते कळायला आधी चप्पल उलगडावी लागेल.

एका जोडात किती घरं

कोल्हापुरी चप्पल एका माणसाच्या मांडीवर सुरू होऊन तिथेच संपते असं बाहेरच्या माणसाला वाटतं. ती फार हातांतून येते.

सुरुवात कातड्यापासून. जुन्या रीतीत कातडं चुन्याच्या पाण्यात मुरवतात, केस आणि मांस खरवडून काढतात, मग त्याची पिशवी शिवतात. त्या पिशवीत बाभळीची साल आणि हिरड्याचं पाणी भरून ती टांगून ठेवतात. पाणी कातड्यातून झिरपत राहतं, पुन्हा भरतात, पुन्हा झिरपतं. यात क्रोम नाही, रसायनाचं पिंप नाही. म्हणून तिचा रंग सुरुवातीला फिका असतो आणि घालता घालता, तेल पिऊन, उन्हात तापून गडद होतो. हे काम पिढ्यानपिढ्या ढोर समाजाकडे होतं, आणि शिवणकाम चर्मकारांकडे. तळाला म्हशीचं जाड कातडं, नाजूक पट्ट्यांना आणि वेणीला शेळीचं.

मग कापणी. तळ, टाच, बाजूचे कान, पट्टा, अंगठा असे तुकडे रापीनं कापले जातात. थरावर थर ठेवून आरीनं भोकं पाडून चामड्याच्याच वादीनं शिवतात. खिळा लागत नाही. पट्ट्यावरची वेणी, गोंडा, भोकांची नक्षी यातलं बरंचसं काम बायका करतात. फोटोत गडी माणूस दिसतो आणि वेणी घालणारी बाई आत असते, ही या धंद्याची जुनी खोड.

आणि हे सगळं एका गावात होत नाही. तळ सीमेपलीकडच्या एखाद्या गावात तयार होतो, वेणी दुसऱ्या घरात, जोड तिसरीकडे जुळतो आणि विकला जातो कोल्हापुरात, कारण बाजारपेठ इथं आणि अंबाबाईची गर्दी इथं. नाव बाजाराचं पडलं. तरी आपल्याच प्रकारांची नावं ऐकली तर गावं ऐकू येतात: कापशी हे कागल तालुक्यातलं, कुरुंदवाडी शिरोळकडची, अथणी बेळगाव जिल्ह्यातली. कर्नाटकाच्या बाजूला तर या धंद्याची कथाच बाराव्या शतकात जाते. बसवण्णांच्या शरणांमधले, म्हणजे अनुयायांमधले, हरळय्या आणि त्यांची पत्नी कल्याणम्मा यांनी स्वतःच्या मांडीच्या कातड्याचे जोडे करून बसवण्णांना अर्पण केले, अशी ती कथा. हरळय्यांचा मुलगा आणि ब्राह्मण मधुवरसाची मुलगी यांच्या लग्नावरून कल्याण नगरीत जे रणकंदन झालं तेही याच घरातलं. या तोडीचं दुसरं पादत्राण मला माहीत नाही.

कोल्हापूरच्या बाजूला राजर्षी शाहूंनी या धंद्याला हात दिला. पण ज्या मुलखात 'पायातली वहाण पायातच बरी' ही म्हण अजून सहज वापरली जाते, तिथं चपलेचा अभिमान एका आठवड्यात उगवला तर त्याचा थोडा संशय यायलाच हवा. अभिमान चपलेचा होता. चप्पल करणाऱ्याच्या वस्तीत किती जण जाऊन आले, हा प्रश्न कोणी कोणाला विचारला नाही.

धंद्याच्या अडचणी मिलानच्या आधीच्या आहेत. २०१५ मध्ये महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदीचा सुधारित कायदा लागू झाला. गायीवर बंदी आधीपासून होती. आता बैल आणि वळू आले. म्हशीचं कातडं मिळतं, पण पुरवठा आकसला, दर चढले आणि वाहतुकीची धास्ती वाढली. गाडीमालक कागदपत्रं नीट असूनही गाडी भरायला कचरतो. कमावण्याचं काम घाणीचं, वासाचं आणि जातीचं म्हणून नवीन पिढीनं आधीच सोडायला घेतलं होतं. तिला दोष देण्याचं कारण नाही. आज बरंच चामडं बाहेरून, तयार कमावलेलं येतं. म्हणजे ज्याला आपण परंपरा म्हणतो त्यातला पहिला आणि सगळ्यात अवघड भाग हातातून निसटत चाललाय, आणि त्याचा प्राडाशी काही संबंध नाही.

मानांकन काय राखतं

आता कायदा. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, लोक ज्याला जीआय म्हणतात. क्षेत्र आठ जिल्ह्यांचं: इकडचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, तिकडचे बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर. मालक दोन: लिडकॉम आणि लिडकर. बेळगावसाठी सर्वोच्च न्यायालयात भांडणारी दोन राज्यं एका कागदावर एकत्र सह्या करून बसली आहेत. चपलेनं एवढं तरी केलं.

पण हा कायदा राखतो काय? नाव आणि उगम. आठ जिल्ह्यांबाहेर बनलेला माल 'कोल्हापुरी' म्हणून विकला, किंवा तो इथला आहे असा भास होईल अशा रीतीनं मांडला, तर तो भंग. नुसता आकार, पट्ट्याची ठेवण, अंगठ्याचं कडं यांवर हा कायदा थेट हात ठेवत नाही. आरेखनाचा वेगळा कायदा आहे, पण त्याला नवीन आरेखन लागतं. आठशे वर्षं जुनं चालत नाही. शिवाय आपलं मानांकन आपल्या देशापुरतं.

म्हणजे प्राडानं 'कोल्हापुरी' हा शब्द न वापरून आपला अपमान केला असं ज्यांना वाटलं, त्यांनी हेही लक्षात घ्यावं की तो शब्द न वापरल्यामुळेच कंपनी भारतीय कायद्याच्या तावडीत येत नव्हती. वापरला असता तर आपला खटला भक्कम झाला असता. लोकांची मागणी होती 'नाव घ्या', आणि इटलीत बनलेल्या सँडलेवर ते नाव घेणं हाच तर कायद्यानं भंग!

याच कायद्यात एक कलम आहे जे या सहा महिन्यांत चर्चेत यायला हवं होतं. २१ वं. मानांकनाचा भंग झाला तर दाद मागण्याचा हक्क नोंदणीकृत मालकाला आहेच, पण 'अधिकृत वापरकर्त्या'लाही आहे. अधिकृत वापरकर्ता म्हणजे जो माल खरोखर तयार करतो आणि ज्यानं चेन्नईच्या जीआय नोंदणी कार्यालयात तशी नोंद करून घेतली आहे. २०२० मध्ये नियम सुधारले तेव्हा या अर्जाची फी ५०० रुपयांवरून १० रुपये झाली.

उच्च न्यायालयानं वकिलांना 'तुम्ही कोण' असं विचारलं, त्या प्रश्नाचं उत्तर दहा रुपयांच्या अर्जात होतं. जवाहरनगरातला, कागलमधला किंवा अथणीतला एखादा कारागीर, किंवा अशा पन्नास जणांचा गट, ही नोंद हातात घेऊन उभा राहिला असता तर निदान दारावर अडवला गेला नसता. आत जाऊन तो जिंकला असता असं मी म्हणत नाही. वर सांगितलेली आकाराची अडचण तशीच राहिली असती. पण हरण्यातही फरक असतो. त्रयस्थ म्हणून परत पाठवणं वेगळं आणि तुमचं ऐकून निकाल देणं वेगळं.

ही नोंद मोठ्या संख्येनं का होत नाही? फी हे कारण उरलेलं नाही. अर्ज इंग्रजीत, कार्यालय चेन्नईत, कारागीर तुकड्या-तुकड्याचं काम करणारा. जी बाई फक्त वेणी घालते ती 'उत्पादक' कशी ठरणार? जो फक्त तळ करतो तो? आणि ज्याला व्यापारी नगावर पैसे देतो त्याला नोंदीचा उद्या सकाळी काय उपयोग? हे खरे प्रश्न आहेत. यांची उत्तरं दोन्ही महामंडळांनी वस्तीत टेबल टाकून, अर्ज भरून देऊन द्यायची होती. त्यासाठी मिलान लागत नव्हतं.

नवरात्रातली गर्दी

प्रकरणाचा हा भाग मला सगळ्यात बोलका वाटतो, म्हणून तिथं थोडं थांबतो.

नवरात्रात कोल्हापूर दुथडी भरून वाहतं. अंबाबाईची रोज वेगळी पूजा बांधली जाते, पंचमीला त्र्यंबोलीच्या टेकडीवर कोहळ्याचा विधी होतो, दसऱ्याला दसरा चौकात छत्रपती घराण्याच्या उपस्थितीत शमीपूजन आणि मग सोनं लुटायची झुंबड. बाहेरगावचा भाविक दर्शन घेतो, महाद्वार रोडवर ओटीचं सामान घेतो, गुजरीच्या सराफ बाजारात साज बघतो, निदान बघतो तरी, आणि परतताना चप्पल घेतो. चैत्रात जोतिबाची यात्रा झाली की पुन्हा तीच वाट. कोल्हापुरी चपलेचं अर्थकारण या दोन गर्द्यांवर उभं आहे.

या गर्दीत हातगाडीवर, फुटपाथवर, काही वेळा पाटी लावलेल्या दुकानातही काय विकलं जातं? रेक्झिनचा पट्टा, रबरी किंवा पुठ्ठा घातलेला तळ, यंत्रावर मारलेली खोटी शिवण, परगावाहून पोत्यानं आलेला माल. वर नाव कोल्हापुरी. भाविकाला फरक कळत नाही. एका परीनं त्याला हीच बरी वाटते: हलकी, स्वस्त आणि पहिल्या दिवशी चावत नाही. अस्सल कोल्हापुरी चावते. आठवडाभर तेल पाजून, घरात वापरून तिला पायाशी ओळख करून द्यावी लागते. देवीला आलेल्या आणि संध्याकाळच्या गाडीनं परतणाऱ्या माणसाला एवढा धीर कुठला!

मिलानच्या सँडलेनं नाव वापरलं नाही. परगावच्या रेक्झिननं नाव वापरलं, उगमाबद्दल खोटं सांगितलं आणि कारागिराचं गिऱ्हाईक त्याच्या दारातून पळवलं. भौगोलिक मानांकनाचा कायदा ज्यासाठी केला तो गुन्हा हाच. खोटं मानांकन लावून माल विकणं हा फौजदारी गुन्हा आहे आणि त्यात तुरुंगवासाची तरतूद आहे. ज्या रस्त्यावर निषेधाच्या घोषणा झाल्या असत्या त्याच रस्त्यावर ती चप्पल राजरोस टांगलेली असते.

याला आपल्याच दुकानदारांची संमती आहे हे बोलायला अवघड, पण बोललंच पाहिजे. अस्सल जोड आणि रेक्झिनचा जोड एकाच फळीवर शेजारी ठेवला की अस्सल जोडाची किंमत खाली येते, आणि दर पडला की व्यापारी पहिली कात्री नगाच्या मजुरीला लावतो. क्यूआर कोडची योजना इथं कामाची आहे, कारण ती गिऱ्हाईकाच्या हातात काहीतरी देते: कोड दाबला की कोणी, कुठं, कशापासून बनवली ते कळावं. फक्त तो कोड दुकानाच्या नावाचा नको, कारागिराच्या नावाचा हवा. नाहीतर उद्या कोडच पोत्यानं येतील.

त्याच वर्षी मेक्सिकोत

तुलनेसाठी दूरचं एक उदाहरण पुरेसं आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये आदिदासच्या एका नव्या पादत्राणावरून मेक्सिकोत असाच वाद उठला. त्याचा वरचा भाग ओआहाका राज्यातल्या यालालाग गावच्या हुआराचे या चामडी विणीच्या सँडलेसारखा होता. सरकार मध्ये पडलं, आणि त्याच महिन्यात कंपनीच्या प्रतिनिधीनं त्या गावात जाऊन जाहीर माफी मागितली.

तिथं काय वेगळं होतं? मेक्सिकोनं जानेवारी २०२२ मध्ये मूलनिवासी आणि आफ्रो-मेक्सिकन समाजांच्या सांस्कृतिक वारशाच्या संरक्षणाचा कायदा केला. त्यात वारशाचा सामूहिक हक्क त्या समाजाचा मानला आहे. त्यामुळे कंपनीला कोणाच्या दारात जायचं हे शोधावं लागलं नाही. गाव ठरलेलं होतं. आपल्याकडे कंपनीला पत्र चेंबरनं लिहिलं, उत्तर चेंबरला आलं, खटला वकिलांनी लढवला, करार महामंडळांनी केला. प्रत्येकानं आपल्या जागी बरंच केलं असेल. तरी या साखळीत चर्मकार वस्तीचा एकही ठराव, एकही सही लागली नाही.

प्राडाला हे जमत नव्हतं असंही नाही. याच कंपनीनं २०१० मध्ये वेगवेगळ्या देशांतल्या पारंपरिक कारागिरीचा एक संग्रह काढला होता आणि लखनवी चिकनच्या कामावर 'मेड इन इंडिया' असा ठळक शिक्का स्वतःहून मारला होता. शिवाय ती मुळात १९१३ मध्ये मिलानमध्ये निघालेली चामड्याच्या वस्तूंची पेढी आहे. चामडं कुठून येतं आणि कोण शिवतं, याला काय मोल असतं ते त्यांना कोणी शिकवायला नको.

करार कसा वाचायचा

२००० जोड गुणिले ८०० युरो. साधारण १६-१७ कोटी रुपयांची विक्री. चांगला आकडा आहे, पण आठ जिल्ह्यांच्या धंद्यापुढे २००० जोड म्हणजे चिमूटभर. यानं धंदा तरणार नाही. यानं एक भाव ठरू शकतो, आणि भाव ठरणं हीच यातली मोठी गोष्ट आहे: हातानं शिवलेल्या जोडाला कोणीतरी ८०,००० रुपये मोजतं हे कळल्यावर चप्पल लाईनीत ८०० रुपयांसाठी घासाघीस करणारा निदान एकदा अडखळेल.

मी कारागिराच्या जागी असतो तर करारात तीन गोष्टी शोधल्या असत्या. नगाची मजुरी काय आणि ती थेट माझ्या खात्यात येते की मधल्या ठेकेदाराच्या? कातडं कुठलं: इथं, साल-हिरड्यावर कमावलेलं, की बाहेरचं? आणि तीन वर्षांनी, माझ्याकडून शिकलेली वेणी दुसरीकडे यंत्रावर बसवायला त्यांना मोकळीक आहे का? इटलीतल्या प्रशिक्षणाचं मला कौतुक आहे, पण त्यात शिकणारा कोण आणि शिकवणारा कोण हे दोन्ही बाजूंनी धरायला हवं. चामडी वेणी घालणाऱ्या बाईला मिलाननं काय शिकवायचं ते तिलाच विचारावं.

आणखी एक कलम या निमित्तानं माहीत असावं. कायद्याच्या २४ व्या कलमानुसार भौगोलिक मानांकन विकता येत नाही, परवान्यानं देता येत नाही, गहाणही ठेवता येत नाही. म्हणजे महामंडळांनी मनात आणलं तरी 'कोल्हापुरी' हे नाव कंपनीला देता येणार नाही. ते आठ जिल्ह्यांत बनवणाऱ्यालाच वापरता येतं. करारातला माल इथं बनवायचं ठरलं यामागे सद्भावना असेलही, पण कायदाही त्याच दिशेनं ढकलतो.

शेवटी युरोपचा मुद्दा, जो या गदारोळात जवळजवळ कोणी मांडला नाही. युरोपीय संघानं आजवर भौगोलिक मानांकन मुख्यतः खाद्य-पेयांना दिलं: चीज, वाइन, हॅम. २०२३ मध्ये त्यांनी हस्तकला आणि औद्योगिक वस्तूंसाठी नवा नियम केला, क्रमांक २०२३/२४११, आणि तो १ डिसेंबर २०२५ पासून लागू झाला. करारावर सह्या होण्याच्या दहा दिवस आधी. या नियमाखाली युरोपबाहेरचे उत्पादकही अर्ज करू शकतात. अट एवढीच की मायदेशात मानांकन असलं पाहिजे. कोल्हापुरीला ते आहे.

युरोपात हे का महत्त्वाचं? कारण तिथलं संरक्षण नावापाशी थांबतंच असं नाही. मोर्बिए नावाचं एक फ्रेंच चीज आहे, मधोमध काळसर आडवी रेघ असलेलं. दुसऱ्या उत्पादकानं नाव न वापरता तशीच रेघ असलेलं चीज काढलं. १७ डिसेंबर २०२० ला युरोपीय न्यायालयानं सांगितलं की नाव घेतलं नाही तरी, वस्तूचं ओळखीचं रूप उचलल्यामुळे गिऱ्हाईकाची फसगत होत असेल तर तेही रोखता येतं. तो निकाल खाद्यपदार्थांच्या नियमावरचा होता. पण उगमाबद्दल दिशाभूल करणारी कोणतीही कृती रोखण्याचं कलम हस्तकलेच्या नव्या नियमातही आहे. अंगठ्याचं कडं आणि कान ही आपली काळी रेघ ठरू शकते का, हे तिथल्या न्यायालयात तपासता येईल. त्यासाठी आधी तिथं नोंद पाहिजे.

अर्ज स्पेनमधल्या आलिकांतेच्या युरोपीय बौद्धिक संपदा कार्यालयात जातो. त्याला वस्तूचं तपशीलवार वर्णन जोडावं लागतं: कातडं कोणतं, कसं कमावलेलं, कुठले टप्पे त्या भूभागातच व्हायला हवेत, तपासणी कोण करणार. हे वर्णन लिहायला बसलं की अडचणीचे प्रश्न एकदम पुढ्यात येतील. बाहेरून कमावून आलेलं चामडं चालेल का? यंत्राची शिवण चालेल का? तळ अथणीचा आणि वेणी कोल्हापूरची असेल तर जोड कोणाच्या नावावर? अटी कडक ठेवल्या तर आजच्या धंद्यातला बराच माल बाहेर पडेल. सैल ठेवल्या तर राखायला काही उरणार नाही. व्यापारी सैल मागतील. कारागीर काय मागतील ते त्यांना बसवून विचारावं लागेल, दोन्ही राज्यांत, मराठीत आणि कन्नडमध्ये, आणि वेणी घालणाऱ्या बायकांना वेगळं.

हे काम पुढच्या नवरात्राच्या आत सुरू व्हायला हरकत नाही. पावसाळ्यात वस्तीत तसाही वेळ असतो, आणि दहा रुपयांचे अर्ज त्याच बैठकीत भरून होतील.